नाताळचा अकरा नगांचा गोठा: बायबल अभ्यासाला कितपत चालतो?

डिसेंबरात दुकानांतून मिळणाऱ्या येशूजन्माच्या देखाव्याच्या नेहमीच्या संचात मरीया, योसेफ, बाळ येशू, तीन मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी), मेंढपाळ, मेंढरू, बैल, गाढव आणि देवदूत असतात. सहा ते दहा जणांच्या घरगुती अभ्यासगटाला हा संच उपयोगी पडतो का? पडतो, पण आधीच मांडून ठेवला तर नाही. खोक्यातून एकेक मूर्ती काढत गेलं पाहिजे.

मूर्ती पाच इंचांच्या घ्याव्यात, दोन इंची टेबलापलीकडून दिसत नाहीत. प्लास्टरचे पंख आणि गाढवाचे कान लवकर तुटतात, रेझिन टिकतं. बाळ गव्हाणीला चिकटवलेलं असेल तर तो संच घेऊच नये. शुभवर्तमानकार लूक गव्हाणीचा उल्लेख तीनदा करतो (२:७, १२, १६) आणि मेंढपाळांना खूण मिळते ती गव्हाणीतल्या बाळाचीच. रिकामी गव्हाण मध्ये ठेवून विचारता आलं पाहिजे: तारणाऱ्याला ओळखायचं ते गुरांच्या वैरणीच्या जागेवरून का?

पहिल्या बैठकीत लूक २:१-२० घ्यावं. एकाने सावकाश वाचावं, दुसऱ्याने वचनात येईल तेच ठेवावं. देवदूत रानात, मेंढपाळाजवळ, छपरावर नाही. वाचन संपलं की बैल, गाढव आणि मागी खोक्यातच उरतात. इथे चर्चा हमखास भरकटते. ‘म्हणजे हे सगळं खोटंच?’ यात अर्धा तास जातो. लगेच यशया १:३ उघडावं: बैल आणि गाढव धन्याला ओळखतात, इस्राएल ओळखत नाही. हे वाचून जनावरं परत मांडावीत. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चोला येशूजन्माचा देखावा केला, तेव्हाही गवताच्या गव्हाणीशेजारी खरा बैल आणि खरं गाढव होतं.

दुसऱ्या बैठकीत मत्तय २. मागी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावेत, कारण ते घरात येतात (२:११). भेटी तीन प्रकारच्या. माणसं किती, हे मत्तय सांगत नाही. त्याच बैठकीत लूक २:२४ वाचावं. तिथली मरीया-योसेफाची पक्ष्यांची जोडी हे कोकरू न परवडणाऱ्यांचं अर्पण (लेवीय १२:८). ते आणि मागींचं सोनं शेजारीशेजारी आले की गट आपणहून बोलू लागतो.

संचाची मोठी उणीव म्हणजे हेरोद राजा. तो कुठल्याच खोक्यात नसतो, म्हणून मत्तय २:१३-१८, मिसरला पळणं आणि बेथलेहेमातल्या मुलांची कत्तल, सहज वगळलं जातं. मग उरतो तो गोडगोड देखावा. हेरोदाच्या जागी स्टीलचा पेला उपडा ठेवावा आणि सव्वा तासाच्या बैठकीतली वीस मिनिटं या वचनांना द्यावीत. गटात मूल गमावलेले कोणी असतील तर त्यांना आदल्या दिवशी कल्पना द्यावी.

घेताना देवदूत सुटा उभा राहतो का, हे दुकानातच बघावं. बऱ्याच संचांत त्याला फक्त टांगायची कडी असते, तो रानात उभा करता येत नाही.