प्रागमध्ये रस्त्यावर पैसे बदलू नका, माझे 200 युरो गेले

चार दिवस झाले तरी राग जात नाहीये म्हणून लिहितेय. घरी अजून सांगितलेलं नाही, एकटी जाऊ नकोस म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं. 200 युरो, निघताना 92 च्या भावाने घेतले होते, म्हणजे 18,400 रुपये, भर दिवसा सकाळी अकराच्या सुमारास गर्दीच्या गल्लीत गेले.

नोटा बदलून देणाऱ्यांचे प्रकार मी वाचून गेले होते, अगदीच अडाणी नव्हते हो. पण बुडापेस्टहून रात्रभर बसने आलेले, झोप नाही, तीन दिवसांत व्हिएन्नाला युरो, बुडापेस्टला फोरिंट आणि आता कोरुना, त्यात फॉरेक्स कार्ड सकाळी दोनदा डिक्लाइन झालं. वेन्सेस्लास स्क्वेअरवरून चालत ओल्ड टाऊनला आले, दहाच्या ठोक्याला ते 1410 चं खगोलीय घड्याळ बघितलं, तो सांगाडा दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून प्रेषित फिरून जातात, मस्त वाटलं, आणि तिथून चार्ल्स ब्रिजकडे निघाले.

वाटेत मनी एक्सचेंजचं काउंटर. बाहेर मोठ्ठ्या अक्षरात 0% कमिशन. भाव विचारला तर एका युरोला 18 कोरुना, तेव्हा खरा भाव 25 च्या आसपास होता. मी मागे फिरले तेवढ्यात एक माणूस, चाळिशीचा, नीट कपड्यातला, हळूच म्हणाला, मॅडम इथे घेऊ नका, हे लोक लुटतात, मी 26 देतो. आणि मी फसले ती इथेच, कारण तो काउंटरबद्दल खरं बोलत होता! माझ्याच मनातलं बोलला म्हणून तो मला आपल्या बाजूचा वाटला.

त्याने माझ्यासमोर मोजून हजाराच्या पाच आणि शंभराच्या दोन नोटा दिल्या, 5,200. घडी करून हातात दाबल्या, म्हणाला पोलीस बघतील, लगेच आत ठेवा. मी घडी थोडी उघडलीसुद्धा. 1000 दिसलं, एका इमारतीचं चित्र दिसलं, अक्षरं वेगळीच दिसली आणि मी मनात म्हटलं झेक भाषा असेल. हे मला स्वतःला माफ करता येत नाहीये. कारण त्याच क्षणी माझ्या जीन्सच्या खिशात शंभर कोरुनाची खरी नोट होती, सकाळी कॉफीचे युरोत पैसे दिले तेव्हा सुटे म्हणून मिळालेली, तिच्यावर चौथा चार्ल्स राजा, ज्याने 1357 मध्ये तो पूल बांधायला घेतला तोच. ती काढून शेजारी धरली असती तर दोन सेकंदांचं काम होतं. आणि झेक लिपी आपल्या इंग्रजीसारखीच रोमन असते, रशियनसारखी अक्षरं दिसली की नोट परत करायची. त्यांच्या सगळ्या नोटांवर माणसाचा चेहरा असतो, एवढं लक्षात ठेवा.

पूल ओलांडून पलीकडे एका दुकानात पाण्याची बाटली घेतली तेव्हा कळलं. दुकानातल्या बाईंनी माझी हजाराची नोट काउंटरवर ठेवली, बाजूला स्वतःच्या गल्ल्यातली हजाराची ठेवली आणि काही न बोलता दोन्हींवर बोट ठेवलं. मागे रांग उभी होती. कानशिलं तापली माझी.

नंतर हॉटेलवाल्याने सांगितलं, बेलारूसच्या जुन्या नोटा आहेत. त्यांनी 2016 साली चार शून्यं काढून नव्या नोटा आणल्या, म्हणजे माझे 5,200 नव्या हिशोबात अर्धा रूबल, तेही आता चालत नाहीत.

पळत परत काउंटरवर गेले. 2019 पासून तिथे कायदा आहे, 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो. पण तो परवानाधारक एक्सचेंजसाठी, पावती दाखवून. काउंटरवाला म्हणाला, तुम्ही आमचे कस्टमर नाही. दारातच उभा होता ना तो माणूस, रोज उभा असणार, यांना दिसत नाही?

मग पोलीस चौकी. दोन तास वीस मिनिटं एका बाकावर बसवलं, इंग्रजी बोलणारं कोणी नाही, जो आला त्याचा पहिला प्रश्न, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत ना? गल्लीच्या तोंडाला कॅमेरा होता, मी तीनदा सांगितलं, त्याने तो लिहूनसुद्धा घेतला नाही. त्या फसवणाऱ्या माणसाचा फोटो आहे का विचारतात! फोटो काढायचं सुचलं असतं तर पैसे दिले असते का मी? शेवटी झेकमध्ये एक पानी कागद दिला आणि सही घेतली, वर काय लिहिलंय ते मला आजही माहीत नाही. प्रागचा किल्ला राहिला तो राहिलाच, दिवस बाकावर गेला.

पैसे हवे असतील तर बँकेच्या एटीएममधून काढा आणि मशीन तुमच्या कार्डाच्या चलनात कन्व्हर्जन करू का विचारेल तेव्हा नको म्हणा, कोरुनातच घ्या. दुसरं कार्ड वेगळ्या खिशात ठेवा, मी ठेवलं नव्हतं. आणि कोणी घाई केली की तिथेच थांबा, नोट सरळ करून बघा, समोरच्याला वाईट वाटेना का.

ट्रॅव्हल इन्शुरन्सवाल्यांना काल फोन केला. रोख रक्कम स्वतः दिली असेल तर क्लेम बहुतेक बसत नाही म्हणाले, तरी अर्ज करायचा असेल तर त्या झेक कागदाचं इंग्रजी भाषांतर लागेल, माझ्या खर्चाने.