पोरं, कुत्रं आणि पट्टणकोडोलीचं घोंगडं

घरात कुत्रं आहे, लहान पोरं आहेत आणि जून लागला की फरशी गार पडते, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. वस्तू नवी नाही. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीचं, हातमागावर विणलेलं साधं घोंगडं. आमच्याकडं ते थंडीत वापरून झालं, उन्हाळ्यात धुऊन झालं आणि बेळगावचा अख्खा पावसाळाही त्यानं काढला. म्हणून आता बोलायला हरकत नाही.

आमचं घर वडगावात. मी घरीच साड्यांना फॉल-पिको करते, त्यामुळं दिवसभर हातात कुणाचं ना कुणाचं कापड असतं. मामंजींनी उभं आयुष्य मागावर काढलं, आधी हातमाग आणि मग यंत्रमाग. शहापूर, वडगाव, खासबाग ह्या भागात सकाळी मागाची खटखट अजून ऐकू येते, पूर्वीइतकी नाही. तेव्हा आमच्या दारातून कापडाची वस्तू आत आली की आधी तिची परीक्षा होते, मग ती जमिनीवर पडते.

मुलगी पाचवीत, मुलगा साडेतीन वर्षांचा, आणि कुंदा. कुंदा म्हणजे कुत्रा. अंगाचा रंग आपल्या बेळगावी कुंद्याच्या मिठाईसारखा, म्हणून पोरीनं ते नाव ठेवलं. आणून देणारा 'मुधोळ आहे', म्हणजे त्या शिकारी जातीचा, म्हणून शपथेवर सांगत होता. खऱ्या मुधोळचे पाय आणि कंबर ज्यानं बघितलीय त्याला आमच्या कुंद्यात मुधोळ शोधायला भिंग लागेल. केस मात्र तसेच आखूड, त्यामुळं पावसाळ्यात कुडकुडतो. लहानपणी समोरच्या कन्नड घरात त्याला जास्त खायला मिळालं, म्हणून 'बस' म्हटलं की नुसता बघतो आणि 'कूत्को' म्हटलं की बसतो.

आधी त्याला ऑनलाइन मागवलेला फोमचा बेड होता. कव्हर काढून धुता येतं, तळ वॉटरप्रूफ, अशी जाहिरात. तळ वॉटरप्रूफ असल्यामुळं झालं असं की वरून आत मुरलेलं पाणी खालून बाहेरच पडेना. जुलैत कुंदा ओल्या अंगानं येऊन बसायचा, फोम आतून भिजून राहायचा आणि चेन उघडली की बुरशीचा वास. शेवटी त्यानंच निकाल लावला. कोपरा उकरला आणि फोमचे तुकडे घरभर करून सोडले. त्यातला एक धाकट्याच्या तोंडात गेला, तो मी बोट घालून काढला आणि बेड कचऱ्याच्या गाडीत टाकला. विकणाऱ्या कंपनीनं 'वापरलेला माल परत घेत नाही' एवढंच कळवलं.

घोंगडं आणलं कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीहून. धाकट्या बहिणीचं सासर हुपरीचं, तिथनं ते गाव जवळच. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला गेलो होतो. भंडारा इतका उधळतात की रस्ता, माणसं, दुकानांची कापडं सगळं पिवळं. धाकट्याच्या शर्टाच्या शिवणीत तो पिवळा रंग अजून आहे. यात्रेत घोंगड्यांची दुकानं बसतात. बघायला मजा येते, पण घ्यायचं कसं ते जरा सविस्तर सांगते, कारण फसगत तिथंच होते.

पहिल्या दुकानात हातात आलं ते मऊ होतं, हलकं होतं आणि स्वस्तही होतं. दख्खनी मेंढीची लोकर मऊ नसतेच. मेरिनो ही मऊ लोकरीची परदेशी मेंढी, तिचा तंतू चोवीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असतो, आपल्या दख्खनी मेंढीचा त्याच्या साधारण दुप्पट जाड. म्हणजे ज्या घोंगड्यावरून गाल फिरवला तर बरं वाटतं, त्यात काहीतरी वेगळं मिसळलंय असं समजायचं. मी दशीतला एक धागा ओढून बाजूला जाऊन काडी लावली. वितळून काळी गोळी झाली, नखानं दाबली तरी फुटेना. कृत्रिम धागा. पुढच्या दुकानात तसाच एक धागा मागितला तर म्हाताऱ्या विकणाऱ्यानंच काडेपेटी पुढं केली. केस जळाल्याचा वास आला, ज्योत काढल्याबरोबर धागा विझला आणि राहिलेली राख चिमटीत भुगा झाली. हे घेतलं.

तो म्हातारा अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत होता. त्याचं म्हणणं, काळी लोकर मिळणंच अवघड होत चाललंय. लोक मटणासाठी माडग्याळी मेंढी पाळतात, तिला लोकर जवळजवळ नसते. आणि ज्यांच्याकडं दख्खनी मेंढरं आहेत त्यांना लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही. माडग्याळ म्हणजे जत तालुक्यातलं गाव, आपल्या अथणीपासून फार लांब नाही. तीन हजार सांगितले, अडीचला सौदा ठरला. लोकर पिंजणं, चरख्यावर कातणं, खळ देणं, मग विणणं हे सगळं हातानं होतं, हे डोळ्यासमोर आणलं की मला ते महाग वाटलं नाही. नवऱ्याला वाटलं. तो अजून वाटून घेतोय.

घरी आणल्यावर मामंजींनी चष्मा लावून वीण बघितली. खड्ड्याच्या मागाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान, म्हणून दोन पट्टे विणून मधोमध हातानं शिवलेले असतात. वीण त्यांना पसंत पडली. काठाची पांढरी रेघ कुठंही वाकडी नव्हती. मधली शिवण मात्र मला पटली नाही. टाके लांब-लांब, जणू बाजार संपायच्या घाईत मारलेले. कुंद्याची नखं बरोबर तिथंच अडकली आणि वीतभर शिवण सुटली. मी काठाच्या दशीतलाच धागा काढून दुहेरी टाका घातला, तेव्हापासून जागची हललेली नाही. तुम्ही घ्याल तेव्हा पहिल्याच दिवशी हे करून घ्या. साधा सुती दोरा नको, लोकर ताणते आणि तो तुटतो.

नवं घोंगडं इतकं कडक होतं की भिंतीला टेकवून उभं राहिलं. पोरांनी त्याची झोपडी केली. कुंदा एका कोपऱ्याला बसून सारखा चाटत होता, मला कळेना काय लागलंय. मामंजी म्हणाले, "चिंचोक्याची खळ हाय ती. गोडी लागलीय त्याला. चाटून झालं की मऊ पडंल, तुझा धुण्याचा ताप वाचला." चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, देतात म्हणजे विणताना धागा तुटत नाही. सुती मागाला आम्ही कांजी देतो, तसंच. आठवडाभर उन्हात टाकून काठीनं झोडपलं तेव्हा ते जमिनीला चिकटून पसरायला लागलं.

मग सासूबाई. "देवाच्या जत्रंतलं घोंगडं आणि कुत्र्याला घालतीस? काय म्हणावं तुला!" त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. लोकरीचं वस्त्र सोवळ्यात चालतं, धनगरांच्या घरात घोंगड्याला मान असतो. मी गप्प बसले. पोरगी मात्र देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या तसबिरीकडं बोट दाखवून म्हणाली, "आज्जी, घोड्याच्या पायाजवळ बघ की, कोण आहे?" तसबिरीत खंडोबाचं कुत्रं आहेच. आज्जी त्यावर काही बोलल्या नाहीत, पण घोंगड्याची एक घडी स्वतःच्या बाजेवर ठेवून घेतली. म्हणजे आता अर्धं त्यांचं, अर्धं बाकी सगळ्यांचं. लांबी नऊ फूट आहे म्हणून निभावतं.

पावसाळ्यात ह्या वस्तूनं पैसे वसूल केले. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. कुंदा भिजून आला की आधी गोणपाटावर पाय पुसायचे आणि मग घोंगड्यावर. थोड्या वेळानं तो कोरडा आणि घोंगडंही वरून कोरडं. खालच्या फरशीचा गारवा वर येत नाही, त्यामुळं पोरांचं सगळं बिऱ्हाड तिथंच. मुलगी पालथी पडून गृहपाठ करते, धाकटा तिच्या पाठीवरून उसाची ट्रॉली नेतो, कुंदा दोघांच्या मध्ये. लाईट गेली की सासूबाईसुद्धा खाली येतात. एकदा पावसात दूध आणायला मामंजींनी पोरीला घोंगड्याची खोळ करून दिली, कोपरा आत दुमडून डोक्यावर टोक काढायचं, ती जुनी पद्धत. परत आली तेव्हा वरून पाणी निथळत होतं आणि आत केस कोरडे. छत्री मागत नाही आता, घोंगडंच मागते, आणि मला ते परत वाळवत बसावं लागतं.

आता तक्रारी. पहिली, टोचतं. धाकट्याचे गुडघे रांगून खेळताना लाल झाले. मी जुन्या सुती साडीची एक पातळ वाकळ शिवून पोरांच्या बाजूला वर घातली; कुत्र्याची बाजू उघडीच ठेवली. तान्ह्या बाळासाठी तर हे अजिबात घेऊ नका. दुसरी तक्रार माझ्या धंद्याची आहे: सुरुवातीचे काही महिने काळी बारीक लोकर झडते. गिऱ्हाइकाच्या फिक्या साडीला एक तंतू चिकटला की तो वेचत बसायला लागतो. शाळेच्या पांढऱ्या शर्टाचंही तेच. शिवणाच्या खोलीत घोंगडं आणि कुत्रं दोघांनाही बंदी आहे.

तिसरी, वास. ओल्या मेंढीचा वास आणि ओल्या कुत्र्याचा वास एका खोलीत आले की पाहुणे चहा लवकर संपवतात. पावसाळ्यात धुवायचं धाडस करू नका, दिवसचे दिवस वाळत नाही. आम्ही रोज संध्याकाळी पडवीत दोघांनी धरून झटकायचो आणि दोरीवर टाकायचो, तेवढ्यानं भागलं. धुणं मे महिन्यातच उरकून घ्यावं. थंड पाणी आणि रिठा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, कोमट पाण्यातही नको. गरम पाणी आणि घुसळणं एकत्र आलं की लोकर आटून जाड नमद्यासारखी होते आणि परत सुटत नाही. पिळायचं नाही. गच्चीच्या कठड्यावर टाकून निथळू द्यायचं. भिजल्यावर इतकं जड होतं की एकट्या बाईचं काम नाही, नवऱ्याला सुट्टी असेल तो दिवस धरा.

गोचीड हा वेगळाच विषय. कुत्र्याची गोचीड पोट भरलं की खाली उतरून फटीत अंडी घालते, हजारांनी, आणि घोंगड्याची जाड वीण तिला फटीसारखीच. फोमच्या बेडलाही हा धोका होताच, पण तिथं दिसायची तरी. काळ्यावर काही दिसत नाही. नुसतं ऊन दाखवून भागत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी कुंद्याला वजनाप्रमाणं गोळी दिली, ती वेळच्या वेळी चालू आहे, तेव्हापासून घोंगडं उलटंपालटं करून बघितलं तर काही सापडत नाही. ज्यांना कुत्र्याच्या गोळ्या नियमानं देणं जमत नाही त्यांनी जमिनीवर सतरंजीच घालावी. रंगीत आणि पातळ, म्हणजे दिसेल तरी.

कसरीसाठी, म्हणजे लोकर खाणाऱ्या किड्यासाठी, डांबरगोळ्या ठेवू नका, असं मी ज्याला त्याला सांगते. ती गोळी मूल गिळू शकतं, कुत्रंही गिळू शकतं, आणि दोघांनाही ती विषारी. आम्ही सुकवलेला कडुनिंबाचा पाला घडीत घालतो. शिवाय रोज वापरात असलेल्या, झटकलेल्या लोकरीला कसर सहसा लागत नाही. ट्रंकेत ठेवून विसरलेलीला लागते.

किमतीचं विचाराल तर फोमचा बेड ह्याच्या निम्म्या पैशात आला होता आणि एक पावसाळाही टिकला नाही. घोंगडं नीट ठेवलं तर पोरांच्या लग्नापर्यंत राहील असं मामंजी म्हणतात. कुंदा तोवर नसेल, हे धाकट्यासमोर कुणी बोलत नाही.

यात्रेत घोंगड्यांच्या शेजारी जेनही होतं. लोकर न विणता पाणी मारून, पायानं मळून, दाबून केलेलं जाड बसकर. आकारानं लहान, शिवण नाही, ताणून धरायला धागा नाही, म्हणजे नखं अडकायचा प्रश्न नाही. बहिणीनं तिच्या मांजरासाठी ते घेतलं आणि घोंगड्यापेक्षा कमी पैशात घेतलं. फक्त कुत्र्यासाठी हवं असेल तर माझं मत जेनला. पोरांसकट सगळ्यांनी एकत्र लोळायचं असेल तर घोंगडं, काळं, दोन पट्ट्यांचं, आणि खिशात काडेपेटी घेऊन जा.