दीपगृहासाठी कोणते भिंग: सलग बहिर्गोल की फ्रेनेलचे?

जयगड, रत्नागिरी किंवा देवगडच्या दीपगृहाला प्रतिमा नको असते, दूरवर जाणारा समांतर किरणांचा झोत हवा असतो. आणि दिवा भिंगाच्या नाभीवर, म्हणजे समांतर किरण जिथे एकवटतात त्या बिंदूवर, ठेवला की तसा झोत दोन्ही भिंगांतून मिळतो.

फरक काचेच्या जाडीत आहे. प्रकाश वाकतो (याला अपवर्तन म्हणतात) तो हवा आणि काच यांच्या सीमेवर. मधल्या काचेतून तो सरळच जातो, म्हणजे तिची जाडी केवळ वजन वाढवते आणि थोडा प्रकाश शोषून घेते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल यांनी १८२०च्या दशकात हा भार वगळून वक्र पृष्ठभाग तेवढा एककेंद्री कड्यांच्या रूपाने राखला. अगदी कडेला, जिथे नुसत्या अपवर्तनाने किरण पुरेसे वळत नाहीत, तिथे पूर्ण आंतरिक परावर्तन घडवणारे लोलक बसवतात: काचेचा अपवर्तनांक (ती प्रकाश किती वाकवते ते सांगणारा आकडा) सुमारे १.५ असल्याने आतून पृष्ठभागाच्या लंबाशी ४२ अंशांहून अधिक कोन करून आदळलेला किरण बाहेर न पडता परततो. याची सर सलग भिंगाला येत नाही.

प्रतिमेसाठी मात्र सलग भिंगच सरस. कड्यांच्या पायऱ्यांवर प्रकाश विखुरतो आणि चित्र धूसर होते. त्यामुळे मिरकरवाडा बंदरातल्या होड्या न्याहाळण्याच्या दुर्बिणीत फ्रेनेलचे भिंग बसवणे, माझ्या मते, निरर्थक आहे.