खरे बोलण्याची सोय नसलेले गाव

मल्ला नन यांची ‘अ ब्यूटिफुल प्लेस टू डाय’ ही कादंबरी मी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली आणि खुनी कोण हे ठाऊक असूनही ती हातातून खाली ठेववली नाही. काळ १९५२ चा आणि स्थळ दक्षिण आफ्रिका व मोझांबिक यांच्या सरहद्दीवरचे जेकब्स रेस्ट हे लहानसे गाव. तिथला आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वंशाचा गोरा, पोलीस कॅप्टन विलेम प्रिटोरियस याचा मृतदेह नदीत सापडतो आणि डिटेक्टिव्ह सार्जंट इमॅन्युएल कूपर तपासासाठी येतो.

१९५० मध्ये लोकसंख्या नोंदणी कायद्याने तिथल्या प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला. त्याच वर्षी अनैतिकता कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९२७ पासून केवळ गोरे व काळे यांच्यातील संबंधांपुरती असलेली बंदी गोरे आणि सर्वच गोरेतर यांच्यातील संबंधांना लागू झाली. त्यामुळे खुनाच्या रात्री आपण कुठे आणि कोणाबरोबर होतो हे खरे सांगावे, तर खुनाच्या संशयातून सुटणारा माणूस या दुसऱ्याच गुन्ह्यात अडकण्याची भीती असते. निरपराध माणसांनाही खोटे बोलावे लागते. या कादंबरीचे रहस्य अशा रीतीने थेट कायद्यातून उभे राहते, आणि मला तिचे हेच सर्वांत मोठे यश वाटते.

गावाभोवतीच्या गवतातून काळ्या लोकांच्या येण्याजाण्याच्या अरुंद पाऊलवाटा गेल्या आहेत. गोऱ्याने तिथे पाऊल टाकायचे नाही, असा रिवाज आहे. पण गावाचा सर्वांत वजनदार गोरा माणूस, म्हणजे खुद्द कॅप्टन, त्याच वाटांवरून नेमाने धावत असे, हे कळते तेव्हा कूपरबरोबर आपणही थबकतो.

कूपरच्या डोक्यात बोलणारा दुसऱ्या महायुद्धातल्या सार्जंट मेजरचा आवाज मला अनेकदा अनावश्यक वाटला. सिक्युरिटी ब्रँचचे, म्हणजे राजकीय विरोधकांवर नजर ठेवणाऱ्या पोलीस शाखेचे, अधिकारी येतात ते कम्युनिस्ट खुनी हवा हे ठरवूनच. त्यांच्या मारहाणीची वर्णने सोसत नाहीत, पण ती गाळता आली नसती, असे मला वाटते.

कॉन्स्टेबल शाबालाला मात्र मनातून जात नाही. अर्धा झुलू, अर्धा शंगान असलेला हा माणूस मातीवरचे ठसे पुस्तकासारखे वाचतो, कॅप्टनला लहानपणापासून ओळखतो, आणि तरीही गोऱ्या साहेबापुढे विचारले तेवढेच बोलतो. तो काय सांगत नाही, ते शोधण्यासाठीच मी पुस्तक पुन्हा उघडले होते.