छपरावर दोन हजार लिटर, नळाला किती?

आर्वी तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहाची मी अधीक्षिका. शंभराच्या आसपास मुली, पहाटे पाचला घंटा आणि डिसेंबरात बोअरचं पाणी हाताला लागलं की बोटं वळत नाहीत. आधी चुलाणावर पाणी तापायचं. पऱ्हाट्या, तुराट्या, जे मिळेल ते. धुरानं मावश्यांचे डोळे लाल. म्हणून संस्थेनं सोलर बसवलं: पाचशे लिटरच्या चार टाक्या, काचेच्या ट्यूबवाल्या. ते आता पुरतं वापरून झालंय, म्हणून लिहिते. डीलरचं नाव लिहीत नाही, कारण आसपासचे सगळे डीलर थोड्याफार फरकानं असंच विकतात.

आधी चांगलं सांगते. ऊन असलं की हे यंत्र खरोखर काम करतं. ना मोटर, ना वीज. ट्यूबमधलं तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, गार पाणी खाली येतं. जानेवारीतही दुपारी चारला टाकीचं पाणी साठ अंशांवर असतं. दोन हजार लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायचं तर गिझरला 93 युनिट लागले असते. चुलाणावर तेच करायचं तर दोनअडीच मण लाकूड. रोज! या हिशेबात यंत्राला मी पूर्ण गुण देते.

आता विक्रीचं. डीलरच्या पत्रकावर डेन्मार्कचा फोटो होता. शेतात रांगेनं मांडलेले कलेक्टर (ऊन शोषून पाणी तापवणारे पत्रे), मागं टुमदार गाव. मी विचारलं, भाऊ, हे काय? तर म्हणे, "मॅडम, त्या थंडीच्या देशात सोलरवर आख्खं गाव तापते, तं आपल्या इथं काऊन नाई चालन? आपल्याकडं तं आगच हाय."

गाव तापतं हे खरं आहे. मी नंतर त्यावर बरंच वाचलं. एरो बेटावरच्या मार्स्टल गावानं 1996 मध्ये सुमारे 8,000 चौरस मीटर कलेक्टरांनी सुरुवात केली, पुढं ते 33,000 वर गेले. सिल्केबोर्ग शहराचा प्रकल्प 2016 चा, 1,56,000 चौरस मीटरच्या वर. पण तिथं घरोघरी छपरावर टाकी नाही. गावाबाहेर एकच कारखाना, आणि गरम पाणी जमिनीखालच्या जाड फोमच्या पाइपांतून घराघरांत फिरून परत येतं. मार्स्टलची ती कंपनी ग्राहकांच्याच मालकीची, म्हणजे आपली दूध सोसायटी समजा. डेन्मार्कात हीटिंगच्या गॅसवर कर जबर, म्हणून सोलर परवडलं.

पत्रकावर नव्हता तो त्यांचा खड्डा. मार्स्टलला 75,000 घनमीटरचा खड्डा आहे, आत प्लास्टिकचं अस्तर, वर तरंगतं जाड झाकण. आपलं अस्तराचं शेततळंच, फक्त झाकलेलं आणि गरम. उन्हाळ्याचं ऊन त्यात साठवून ठेवतात आणि थंडीत काढतात. तरीही गावाची निम्म्याच्या आसपास उष्णता सोलरची, बाकीला लाकडाचा चुरा आणि हीट पंप, म्हणजे विजेवर चालून कमी तापमानाची उष्णता ओढून वर चढवणारं यंत्र. डीलरभाऊंनी फोटो दाखवला, साठवण आणि पाइप गाळले. आमचं सगळं रडगाणं नेमकं त्या दोन गोष्टींचं आहे.

पाइपचं सांगते. टाक्या स्वयंपाकघराच्या स्लॅबवर, मुलींची न्हाणीघरं सव्वाशे फुटांवर. इंची पाइपात तेवढ्या लांबीत बादलीभर पाणी मावतं, आणि ते रात्रभर गार पडून असतं. पहिली मुलगी नळ सोडते, बादली गार. ती ओतते, दुसरी बादली कोमट, तोवर मागची रांग ओरडते. पाइपावर काळा फोम चढवला होता. उन्हानं तो तडकला आणि उरलेला खारींनी कुरतडून घरट्यांना नेला. मग आमच्या प्लंबरनं परतीची लाइन टाकून छोटा पंप बसवला. पहाटे साडेचारला पंप दहा मिनिटं चालवला की पाइपातलं गार पाणी टाकीकडे जातं आणि पहिल्याच बादलीला वाफ येते. डेन्मार्कवाल्यांच्या परतीच्या पाइपाचं हे आमचं गरीब भावंड. कोटेशनमध्ये याचा एक शब्द नव्हता.

साठवणीचं दुखणं वेगळं. संध्याकाळी मुली कपडे धुवायला गरम पाणी घेतात. जितकं काढलं तितकं गार पाणी वरच्या टाकीतून लगेच आत शिरतं, आणि पहाटेपर्यंत सगळंच कोमट. आता सहानंतर गार पाण्याचा कॉक बंद असतो. मुलींनी त्यावर माझ्याबद्दल काय काय म्हटलं असेल ते मला माहीत आहे.

आणि वानरं. या जातीच्या यंत्रात एक ट्यूब फुटली तर टाकीचं पाणी त्याच भोकातून वाहून जातं. एका पहाटे मावशी धावत आल्या, "बाई, वरतून गरम पानी पडून रायलं ना!" वर जाऊन पाहिलं तर ट्यूबचं खालचं टोक फुटलेलं, काच पसरलेली, आणि पन्हाळीवर दोन वानरं निवांत शेकत बसलेली. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात: काच फुटल्यास जबाबदारी नाही. फेब्रुवारी-मार्चातल्या गारांनाही तेच लागू. आता वर लोखंडी जाळी आहे, स्वखर्चाने. बोअरच्या जड पाण्यानं ट्यूबमध्ये पांढरे पापुद्रे साचतात, तेही दरवर्षी काढावे लागतात.

सर्व्हिसला फोन केला की "उद्या येतो". तांब्याच्या सपाट कलेक्टरचा विचार करा, असं प्लंबरचं मत. महाग, पण वानर वर बसलं तरी पाणी वाहून जात नाही आणि हीट एक्सचेंजर (दोन पाणी न मिसळता नुसती उष्णता देणारा भाग) लावला तर क्षारही कमी.

बाजाराचा कल मात्र उलटाच. पीएम सूर्यघर योजनेत 2024 पासून छपरावरच्या तीन किलोवॅटच्या सोलर वीज पॅनलला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान, गरम पाण्याला त्यात काही नाही. डीलरच म्हणतो, हीटर आता कोण घेते. डेन्मार्कातही विजेवरचा कर उतरल्यावर मोठे हीट पंप पुढं आले आणि नवीन सोलर शेतं मंदावली. पण छप्पर लहान असेल तर पाणी तापवायला कलेक्टरच बरा. वीज पॅनल उन्हाचा पाचवा हिस्सा घेतं, कलेक्टर निम्म्याजवळ.

माझे गुण: यंत्राला पाच, बसवणीला दोन, विक्रीनंतरच्या सेवेला एक, तोही फोन उचलतात म्हणून. दुसऱ्या इमारतीसाठी कोटेशन मागवलंय. त्यात टाकी न्हाणीघराच्याच स्लॅबवर, परतीची लाइन, जाळी आणि फोमवर पत्र्याचं आवरण, असं लेखी मागितलंय. डीलरभाऊंनी अजून उत्तर दिलेलं नाही, पत्रक मात्र नवीन पाठवलंय.