गोळ्या देण्याआधी प्रश्न विचारणारे राजारामपुरीतील मेडिकल

कोल्हापुरात राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यापासून थोडे आत असलेल्या या मेडिकलमध्ये सवलत आणि घरपोच सेवा शहरातील इतर दुकानांइतकीच मिळते, परंतु आमच्या घरची सगळी औषधे आता तिथूनच येतात, ती तिथल्या फार्मासिस्ट मॅडममुळे. महिन्याच्या गोळ्या घ्यायला गेलेल्या माणसाला त्या आधी विचारतात की ही गोळी किती वर्षे चालू आहे, तिच्यासोबत आणखी काय घेता आणि शेवटची रक्ततपासणी कधी झाली. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीनुसार रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कामच आहे. प्रत्यक्षात काउंटरवर हे काम होताना क्वचितच दिसते, म्हणून ते जिथे मनापासून होते त्या दुकानाची दखल घ्यावीशी वाटली.

माझ्या आईला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी पँटोप्राझोल या दोन्ही गोळ्या बऱ्याच काळापासून चालू आहेत. तिच्या पायांना मुंग्या येत होत्या, तळपायांची आग होत होती, आणि हे साखरेमुळेच असणार असे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो. मॅडमनी तिला बाकावर बसवून विचारले, "काकू, मटण-मासे, अंडी काही खाता का?" आई म्हणाली, "छे गं बाई, माळकरी आहे मी. दूध तेवढं घेते बघ." त्यावर मॅडमनी जे सांगितले ते इतके स्वच्छ होते की आईला पुन्हा विचारावे लागले नाही. अन्नातील बी-१२ जीवनसत्त्व प्रथिनाला चिकटलेले असते आणि ते सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते. पित्ताची गोळी हे आम्लच कमी करते. सुटे झालेले बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते आणि मेटफॉर्मिनमुळे तिथे अडथळा येऊ शकतो. त्यात हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या केवळ प्राणिज पदार्थांतून मिळत असल्याने माळकरी माणसाकडे दूध-दह्याखेरीज दुसरा मार्ग फारसा उरत नाही. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरेल एवढा असल्यामुळे कमतरता हळूहळू वाढते आणि मुंग्या, आग अशी लक्षणे दिसू लागतात तेव्हा ती साखरेच्या त्रासात सहज मिसळून जातात.

मॅडमनी बी-१२ ची बाटली हातात ठेवली नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांनी डॉक्टरांच्या नावे चार ओळींची चिठ्ठी लिहिली आणि तपासणी करून घ्यायला सांगितले. डॉक्टरांनी ती चिठ्ठी आपुलकीने वाचली, तपासणीत बी-१२ कमी निघाले आणि इंजेक्शने सुरू झाली. मेटफॉर्मिन बंद करायचा प्रश्नच आला नाही, कारण साखर आटोक्यात ठेवणारी ती गोळी तिला हवीच आहे.

काउंटरपाशी थांबलेल्या माणसाला इतरांशी चाललेले बोलणे ऐकूनही बरेच समजते. कागलकडच्या एका आजोबांना फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी चालू होती. या गोळीमुळे लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम निघून जाते असे त्यांनी कुणाकडून ऐकले होते आणि म्हणून पोटॅशियम भरून निघावे यासाठी रोज शहाळे सुरू केले होते. मॅडमनी त्यांच्या पिशवीतील सगळ्या स्ट्रिप्स काउंटरवर मांडल्या, तेव्हा त्यांत स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टनही निघाल्या. या दोन्ही औषधांमुळे पोटॅशियम वाढू शकते आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर ते हृदयासाठी धोक्याचे ठरते. तपासणी होईपर्यंत शहाळे थांबवा, असे त्यांनी आजोबांना ठामपणे सांगितले. थायरॉइडच्या गोळीसोबतच कॅल्शियम घेणाऱ्या एका ताईंना त्यांनी दोहोंत चार तासांचे अंतर ठेवायला सांगितले, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. क्षयरोगाच्या आयसोनियाझिडसोबत बी-६ कशासाठी देतात, संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटसोबत फॉलिक आम्ल का लिहिलेले असते आणि फिटच्या फेनिटोइनमुळे ड जीवनसत्त्व का घटते, हेही त्या तितक्याच शांतपणे सांगतात. पित्ताची गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास मॅग्नेशियम उतरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ सालीच दिला होता. तरीही आपल्याकडे ही गोळी चहाआधी घ्यायची सवय असल्यासारखी घेतली जाते, हे मला फार चिंतेचे वाटते.

उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. मॅडम नसताना काउंटरवरची मुले चिठ्ठी पाहून मुकाट्याने स्ट्रिप कापून देतात. एकदा आईने थकवा येतो म्हटल्यावर त्यांतील एकाने थेट ताकदीचे टॉनिक पुढे केले. त्यात फॉलिक आम्ल होते आणि बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल भरपूर मिळाले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांची हानी चालूच राहते. अशा दुकानात हे घडू नये. दुसरे म्हणजे सगळे बोलणे रांगेतल्या लोकांसमोर होते. बायकांना आपल्या तक्रारी तिथे मोकळेपणाने सांगता येत नाहीत. आत एक खुर्ची आणि पडदा एवढी सोय जरी केली तरी पुष्कळ होईल.

जाणाऱ्यांनी सकाळी जावे, कारण संध्याकाळी गर्दीत मॅडमना कुणाशी नीट बोलता येत नाही. सोबत घरातील सगळ्या स्ट्रिप्स, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आयुर्वेदिक औषधे आणि जुने रिपोर्ट न्यावेत. सल्ल्याचे वेगळे पैसे त्या घेत नाहीत. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका, असे त्या प्रत्येकाला बजावतात आणि बदल करायचा असेल तर डॉक्टरांकडेच पाठवतात. रविवारी मात्र दुकान उघडे असले तरी मॅडम नसतात.