स्वस्त पावडर आणि प्रायमरच्या नावाखाली फसवणूक, अमेरिकेत रीलोडिंग करणाऱ्यांनी जरूर वाचा

अमेरिकेत राहून रायफलची काडतुसं घरी भरणाऱ्या, म्हणजे रीलोडिंग करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. रिकाम्या पुंगळीत (काडतुसाचं पितळी कवच) ठिणगी देणारा छोटा प्रायमर, पावडर म्हणजे जळणारी दारू, आणि पुढे बुलेट बसवली की काडतूस पुन्हा तयार. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ आणलं तेव्हापासून ओळखीतले बरेच जण रायफलबद्दल विचारायला लागलेत. त्याच्या ५० मीटरच्या प्रकारात .२२ रिमफायर असते (ठिणगीचा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेतच), ती रीलोड होतच नाही, पण एकदा आवड लागली की माणूस सेंटरफायरकडे (प्रायमर बुडाच्या मधोमध वेगळा बसतो ती) वळतो, मग खर्च दिसतो, मग रीलोडिंग सुरू होतं, आणि सामान ऑनलाइन शोधायला गेलं की पहिल्याच पानावर चोर बसलेले आहेत. आमचे पैसे गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे एकदा माल हातात आला तो जिवावर बेतणारा होता. दोन्ही सांगतो.

आम्ही ओमाहाला राहतो, मी आणि दोन मित्र. पश्चिम नेब्रास्कात स्कॉट्सब्लफच्या बाजूला रँचवाल्यांच्या कुरणांत प्रेअरी डॉगच्या वसाहती आहेत. नावात डॉग असला तरी हा खारीच्या कुळातला प्राणी, जमिनीत बिळं करून राहतो, गवत कातरून टाकतो, बिळांपायी गुराढोरांचे पाय अडकायची भीती असते, म्हणून ओळख झाली की रँचवाले मारायला परवानगी देतात. तीनशे-चारशे यार्डांवर उभं राहून जेमतेम फूटभर उंच दिसणारं जनावर, त्यात तिथला वारा, त्यामुळे प्रत्येक राउंड आधीच्या राउंडसारखाच हवा. .२२३ आणि .२२-२५० या काडतुसांमध्ये ५० किंवा ५५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) बुलेट, ती स्वतः नीट भरलेली असली की हातातला आत्मविश्वासच वेगळा असतो. आणि हरणाच्या शिकारीसारखं दोन गोळ्यांत काम संपत नाही, चांगला दिवस असला तर दोनतीनशे राउंड सहज जातात. म्हणून प्रायमर हजाराने लागतात, पावडर आठ पौंडाच्या जगने, म्हणजे मोठ्या डब्याने.

आता २०२०-२१ आठवा. कोरोना आला, लोकांनी दिसेल ते उचललं, जुलै २०२० मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली, आणि जो हजार प्रायमरचा डबा आधी ३०-३५ डॉलरला मिळायचा तो शंभरच्या वर गेला, तोही मिळाला तर. बुलेटचं एवढं नव्हतं, हॉर्नाडीचा कारखाना आमच्याच राज्यात ग्रँड आयलंडला, कुठे ना कुठे मिळून जायच्या. पण व्हारगेट पावडर ऑस्ट्रेलियात बनून येते, ती तर महिनोन्‌महिने दिसेना. पुंगळ्या धुऊन, साइझ करून (मूळ मापावर आणून), ट्रिम करून डब्यांत भरून ठेवलेल्या आणि त्यात घालायला पावडर नाही, अशी अवस्था होती सगळ्यांची.

अशा वेळी एका मित्राला साइट सापडली. व्हारगेट इन स्टॉक, एच४३५० पावडर इन स्टॉक, सीसीआय ४५० प्रायमर इन स्टॉक, फेडरल २१० एम प्रायमर इन स्टॉक, सगळंच इन स्टॉक. व्हारगेटचा जग बाजारभावाच्या जेमतेम निम्म्यात. फोटो चकाचक, खाली फाइव्ह स्टार रिव्ह्यू, "१९९८ पासून आपल्या सेवेत" असं ठळक लिहिलेलं, वर फ्री शिपिंग आणि नो हॅझमॅट फी, म्हणजे धोकादायक मालाचे जादा पैसे नाहीत.

इथे थांबा, कारण खरी खूण हीच आहे. पावडर आणि प्रायमर हा कायद्याने धोकादायक माल, तो पाठवणाऱ्याला वेगळं पॅकिंग, वेगळी कागदपत्रं लागतात आणि कुरिअर कंपनी त्याचे जादा पैसे घेते, म्हणून खरं दुकान दर पार्सलमागे वीस, तीस, चाळीस डॉलर हॅझमॅट लावतं. मोठी दुकानं कधीमधी ऑफर म्हणून ती फी माफ करतात, पण तीही ठरावीक रकमेच्या वरच्या ऑर्डरला. कायमची फ्री, एका पौंडालाही फ्री, असं कुणाला परवडतच नाही.

क्रेडिट कार्डने पैसे भरायला गेलो तर "कार्ड सिस्टिम सध्या बंद आहे" असं आलं, आणि दहा मिनिटांत ईमेल, झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवा, दहा टक्के सूट देतो. तिघांनी मिळून चारशेच्या वर डॉलर पाठवले. दुसऱ्या दिवशी ट्रॅकिंग नंबर आला, लिहिलं होतं यूएसपीएस प्रायॉरिटी मेल. अमेरिकेची पोस्ट पावडर घेत नाही, प्रायमर घेत नाही, भरलेली काडतुसंही घेत नाही, हे पोस्टाच्या नियमांत स्पष्ट आहे. ते वाचल्यावर मला कळलं की संपलं सगळं.

पण त्यांचं संपलं नव्हतं. खरी फसवणूक इथून पुढे, आणि हा भाग व्हिसावर असलेल्यांनी नीट वाचावा अशी कळकळीची विनंती आहे. ऑर्डर ज्या मित्राच्या नावावर होती त्याला मेल आला की पार्सल अडलंय, धोकादायक मालाचा विमा म्हणून २८० डॉलर भरा, डिलिव्हरी झाली की पूर्ण परत मिळतील. त्याने नाही म्हटलं. मग भाषा बदलली. "तुमच्या नावावर परवानगीशिवाय स्फोटक पदार्थ मागवल्याची नोंद झाली आहे, चोवीस तासांत रक्कम भरली नाही तर फाइल एटीएफकडे जाईल." खाली एटीएफचा, म्हणजे बंदुका आणि स्फोटकांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, लोगो, केस नंबर, कुण्या एजंटची सही. मित्र तेव्हा एच-१बी वर, ग्रीन कार्डचा अर्ज आत गेलेला. त्याला हेही माहीत होतं की त्या व्हिसावर एरवी बंदूक आणि काडतूस बाळगायला बंदी असते, चालू हंटिंग लायसन्स असेल तरच सूट मिळते. त्याच्याकडे लायसन्स होतं, सगळं कायदेशीर होतं, तरी रात्री अकराला एकट्याने तो मेल वाचताना माणसाच्या डोक्यात काय काय येतं ते परदेशात राहणाऱ्याला सांगायला नको. वहिनींना सांगितलं नाही, आम्हाला सांगितलं नाही, भरले पैसे. मग तिसरा मेल, आता "क्लिअरन्स फी". तेव्हा वहिनींनी बँकेचं ॲप बघितलं आणि मला फोन केला, भावोजी हे काय चाललंय.

तर नीट लक्षात घ्या. स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राच्या कायद्याने लायसन्स लागत नाही, विकायचा धंदा केला तर लागतं. राज्याराज्यांचे आपापले नियम असतात, ते आधी बघा, व्हिसावर असाल तर वकिलाला एकदा विचारून घ्या म्हणजे असली धमकी आली तरी पाय लटपटणार नाहीत. आणि कुठलीही सरकारी एजन्सी दुकानदाराच्या मेलमधून, झेलवर किंवा गिफ्ट कार्डवर दंड मागत नाही, कधीच नाही. या चोरांना आपली भीती बरोबर ठाऊक आहे, नाव वाचूनच कळतं त्यांना की माणूस बाहेरून आलाय.

बँकेने हात वर केले. तुम्ही स्वतः लॉगिन करून स्वतः पाठवलेत, म्हणजे तुमच्या संमतीने गेलेत, असं उत्तर. क्रेडिट कार्ड असतं तर माल आला नाही म्हणून तक्रार करता आली असती, स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांची मुदत कायद्यातच आहे. झेल, कॅश ॲप, बिटकॉइन यांना असं काही नाही, आणि म्हणूनच चोराचं कार्ड मशीन नेहमी बंद असतं. एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन तक्रार केंद्रावर आणि ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या एफटीसीकडे तक्रार केली. पैसे आले नाहीत. साइट काही आठवड्यांत गायब झाली आणि तेच फोटो, त्याच किमती, तेच रिव्ह्यू घेऊन दुसऱ्या नावाने उभी राहिली. म्हणून काही दिसलं की आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मेल डिलीट करू नका, तक्रारीत तेच लागतं. डोमेन (साइटचा पत्ता) कधी नोंदवलंय ते हूइझ या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर फुकट दिसतं, "१९९८ पासून" वाल्या दुकानाचं डोमेन आम्ही ऑर्डर दिली त्याच्या महिनाभर आधीचं होतं. पत्ता नकाशावर टाकून बघा, आमच्या दुकानाच्या पत्त्यावर दातांचा दवाखाना निघाला.

आता दुसरी गोष्ट. पैसे जातात, परत कमावता येतात, पण यात माल हातात येतो म्हणून माणूस निर्धास्त होतो.

टंचाई चालूच होती, एका ओळखीच्याच्या ओळखीने एक जण भेटला, म्हणे काका वारले, गॅरेजमधलं सामान विकतोय, व्हारगेटचा आठ पौंडाचा जग आहे, सीलबंद. पार्किंग लॉटमध्ये भेटलो, लेबल बरोबर, लॉट नंबर बरोबर, वजन बरोबर, भावही अगदी पडेल नव्हता त्यामुळे संशय आला नाही. घरी येऊन झाकण फिरवलं तर हाताला काही अडलंच नाही, नवं झाकण असं सुटत नाही. माझी सवय आहे, नवा डबा उघडला की चमचाभर पावडर पांढऱ्या कागदावर ओतायची आणि जुन्या डब्यात उरलेली शेजारी ओतून उजेडात बघायची. व्हारगेटचे दाणे कापलेल्या शेवयांच्या चुऱ्यासारखे, आखूड, गोल दांड्याचे, सगळे एकसारखे. या कागदावर तसे दाणे होतेच, पण त्यांच्यामध्ये चपट्या, चकचकीत, गोल चकत्या पसरलेल्या होत्या. बोटाने बाजूला सारल्या तरी खालून आणखी निघत होत्या. वरच्या थरात कमी, डबा हलवून खालून काढल्या तर जास्त. म्हणजे कुणीतरी महागडी पावडर निम्मी काढून घेऊन दुसरी कुठली तरी स्वस्तातली भरलेली होती.

याचा अर्थ काय ते रीलोडिंग न करणाऱ्यांसाठी सांगतो. प्रत्येक पावडर वेगळ्या वेगाने जळते, रीलोडिंगच्या मॅन्युअलमधला वजनाचा आकडा फक्त त्या एका पावडरसाठी असतो. .२२-२५० मध्ये दाबाची कमाल मर्यादाच ६५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे. त्यात पिस्तुलाची झटकन जळणारी पावडर रायफलच्या मापाने गेली तर रायफल फुटते, आणि ती तुमच्या गालापासून चार बोटांवर असते. काट्यावर वजन बरोबर येणार, काडतूस बाहेरून छान दिसणार, कशावरूनही कळणार नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले तर त्याने नंबर ब्लॉक केला. आख्खा जग मी बागेत थोडा थोडा विखरून संपवला, मुलं तिथे जाणार नाहीत असं बघून. एक मित्र म्हणत होता चाळून घेऊ, वेगळी करून वापरू. माझं स्पष्ट मत आहे की उघडलेल्या डब्यातली पावडर कुणी फुकट दिली तरी घेऊ नये, सख्ख्या भावाने दिली तरी. तिखट, ॲसिडसारखा वास आला किंवा तांबूस भुकटी दिसली तर ती पावडर खराब व्हायला लागलेली असते, तीही ठेवू नका.

पुंगळ्यांचंही तेच. "वन्स फायर्ड" (एकदाच वापरलेला) म्हणून पाच-सहा वेळा वापरलेला ब्रास, म्हणजे पुंगळ्या, सर्रास विकतात, टम्बलर मशीनमध्ये घासून सोन्यासारखा चमकवलेला. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसतंय का बघा, पेपर क्लिपचं टोक वाकवून आतून फिरवा, खाच लागली तर ती पुंगळी तिथूनच तुटणार आहे. प्रायमर पॉकेटमध्ये, म्हणजे बुडाच्या खळग्यात, प्रायमर अंगठ्याने सहज बसला तर तीही फेका.

आता आम्ही तिघं वर्षातून एकदाच एकत्र ऑर्डर देतो. बहुतेक खरी दुकानं पावडर आणि प्रायमर एकाच पार्सलमध्ये, एकाच हॅझमॅट फीवर पाठवतात, ती तीन ठिकाणी वाटली की माणशी दहा-बारा डॉलर पडतात. क्रेडिट कार्डनेच भरतो, डबे आले की तिघांच्या समोर उघडतो आणि लॉट नंबर वहीत उतरवून ठेवतो.